शुक्रवारचा पेला

आमच्या शाळेत सद्गुणांचा तास रोज असायचा आणि गणिताचा आठवड्यातून तीनदा. त्यामुळे तिथून निघालेल्या एकाही माणसाला धड त्रैराशिक सुटत नाही. पण दया, क्षमा, समता यांवर बोलायला सांगा, अर्धा तास थांबणार नाही. मीही बोलेन. म्हणून मला कुणी सांगू नये.

ही शाळा हिंगोलीच्या जुन्या छावणीत होती. पलटण उठून गेल्यावर जे बंगले ओस पडले, त्यांतल्या एकाच्या ओसरीवर सात घरांनी मिळून ती काढलेली. सात घरं, अकरा पोरं, एक मास्तर आणि एक पितळी घंटा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. इकडे निजामाच्या मुलखात शनवार तेली म्हणजे काय हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. सुंता होते म्हणून हिंदू आम्हाला मुसलमान समजायचे, मशिदीत जात नाही म्हणून मुसलमान आम्हाला किरिस्ताव समजायचे. दसऱ्याच्या गर्दीत कुणी विचारलंच तर आम्ही सरळ सांगायचो, आम्ही छावणीतले. तेवढ्यावर भागायचं.

शनिवारी शाळेला सुटी आणि रविवारी शाळा भरलेली, याचं बाजारातल्या पोरांना भारी हसू यायचं. सरकारी शाळा उर्दूत. आमच्या वडीलधाऱ्यांना पोरांना मराठी यायला हवी होती, हिब्रू प्रार्थना यायला हव्या होत्या, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे संस्कार हवे होते. संस्कार हा शब्द त्या ओसरीवर इतका वापरला गेला की त्याचा पार चोथा झाला होता.

मास्तरांना आम्ही हेडसर म्हणायचो. त्यांच्या हाताखाली दुसरा सर नव्हता, पण हेड म्हटल्याशिवाय त्यांना बरं वाटत नसे. पलटणीच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं, मिशी कातरलेली. रोज सकाळी फळ्यावर ते एक सद्गुण लिहायचे. सोमवारी सत्य, मंगळवारी समता, बुधवारी बंधुभाव, असं करत करत. आम्ही तो पाटीवर दहा वेळा उतरवायचा. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा आणि पुढचा सद्गुण. कालचा कुठं गेला, हे विचारायची पद्धत नव्हती.

आता माझं घर. माझे बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. पटकीच्या साथीत औषधाची पेटी घेऊन साखरा नावाच्या खेड्यात गेले आणि तिथून बायको घेऊन आले. माझी माय. मेंढरं-शेरडं राखणाऱ्या घरातली. तिच्या भावांनी त्या दिवसापासून तोंड फिरवलं आणि बाबांच्या लोकांनी नाकं मुरडली. दोन्हीकडची माणसं कधी नव्हे ती एका गोष्टीवर एक झाली. बंधुभाव म्हणायचा तर हाच.

मायेनं आमचं सगळं शिकून घेतलं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तेलाचा दिवा लावायची, शनिवारी चूल पेटवायची नाही, मटण आणि दूध एका भांड्यात येऊ द्यायची नाही. मटण मीठ लावून, निथळून, तीन-तीन पाण्यांतून काढायची. हेडसरांच्या घरी तेवढं कुणी करत नसे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नावडतीचं मीठ अळणी. प्रार्थनेला सगळे जमले की माय बाहेर पायरीवर उभी राहायची. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. ये पण म्हटलं नव्हतं.

आणि माय बाहेरची, म्हणून मी काळी. आमच्यात दोन प्रकार. ज्यांच्या रक्तात बाहेरचं काही मिसळलं नाही ते गोरे इस्राएल, ज्यांच्यात मिसळलं ते काळे इस्राएल. कातडीशी याचा काही संबंध नाही. हेडसर चांगले तव्याच्या बुडासारखे होते, ते गोरे. मी मायेसारखी गव्हाळ, ती काळी. हे कुणालाही समजावून सांगायला गेलं की लोक हसतात, म्हणून मी सांगत नाही. हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही.

हे सगळं मला कुणी बसवून सांगितलं नव्हतं. मला ते पेल्यानं सांगितलं.

शुक्रवारी शाळा लवकर सुटायची, आणि सुटण्याआधी किद्दुश व्हायचा. म्हणजे शाब्बाथ, आमचा शुक्रवारी दिवस मावळला की लागणारा विसाव्याचा दिवस, त्याच्या सुरुवातीचा आशीर्वाद. खरा तो घरी संध्याकाळी होतो. शाळेत पोरांना सवय लागावी म्हणून दुपारी. गुरुवारी हेडसरांच्या घरी मनुका भिजत घालायच्या, शुक्रवारी कुस्करून गाळायच्या, आणि ते गोड तपकिरी पाणी चांदीच्या पेल्यातून शाळेत यायचं. आमच्याकडे दारूऐवजी हेच. हेडसर पेला उचलून आशीर्वाद म्हणायचे, एक घोट घ्यायचे, आणि मग तोच पेला एकेका पोराच्या हाती जायचा. एकाच पेल्यातून सगळ्यांनी प्यायचं, कारण आपण सगळे एक. हे वाक्यसुद्धा ते दर शुक्रवारी म्हणायचे.

मी शेवटची. मी वयानं सगळ्यांत मोठी, अभ्यासात पहिली, आणि पेल्याला शेवटची. माझ्या आधी दहा तोंडं. माझ्यापर्यंत यायचा तेव्हा पेल्यात घोटभर पाणी आणि मनुकांचा गाळ राहिलेला असायचा. बिगरीत नवं पोर आलं, नाक पुसायची अक्कल नसलेलं, की तेही माझ्या आधी आणि मी आणखी एक जागा मागं. एकदा मी हेडसरांना विचारलं, सर, मी कायम शेवटी का. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की शेवटी पिणाऱ्याच्या अंगी नम्रता येते. मग नम्रता हा सद्गुण ते स्वतः का नाही अंगी आणून घेत, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. नम्रतेमुळे विचारलं नाही.

शाळेत माझी एक मैत्रीण होती, रेल्वेतल्या गार्डाची मुलगी. कयाधू नदीच्या काठाला आम्ही दोघी बोरं वेचायचो, अर्धं बोर तिनं चावायचं, अर्धं मी, आंबट निघालं की एकमेकींच्या तोंडात कोंबायचं. शुक्रवारी मात्र ती चौथी प्यायची, आणि पेला पुढे देताना माझ्याकडे बघायची नाही. शनिवारी पुन्हा बोरं. मला त्याचं काही वाटायचं नाही, इतकी मी त्या शाळेची चांगली विद्यार्थिनी होते.

मी बारा वर्षांची असताना मुंबईहून पत्र आलं. तिथं आमच्या लोकांची मोठी शाळा, तिथल्या एक बाई आमच्यासारख्या लहान गावांतून फिरत होत्या. जिथं-जिथं चार घरं आमची, तिथली पोरं तपासायची आणि एका मुलाला किंवा मुलीला मुंबईला न्यायचं. राहणं, जेवण, मॅट्रिकपर्यंत शिक्षण, सगळं तिकडे.

ही जागा माझ्यासाठी काय होती ते सांगते. आमची शाळा पाचवीला संपायची. मी पाचवी दुसऱ्यांदा करत होते, कारण सहावी नव्हती. तीच पुस्तकं, तेच धडे, फक्त यंदा लहान पोरांचं शुद्धलेखनही मीच तपासायचे. पुढं मुलीला हिंगोलीत शिकायला जागा नव्हती. लग्न ठरवायचं तर गोरे करणार नाहीत आणि काळ्यांचं दुसरं घर जवळपास नव्हतं. मला ती जागा मिळाली तर मी मास्तरीण होणार होते. नाही मिळाली तर मायेशेजारी बसून लोकर कातायची.

मायेला ती जागा माझ्याइतकीच हवी होती, हे लक्षात ठेवा. तिला अक्षर येत नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर तिला कधी अंगठा लावावा लागला की ती दिवसभर तो अंगठा पदराला पुसत राहायची. पत्राचं कळल्यावर ती एवढंच म्हणाली की शिक, माझ्यावानी राहू नको. औंढ्याला जाऊन नागनाथाला नारळ फोडून आली, आणि ते बाबांना कळू दिलं नाही.

बाई यायच्या आदल्या रविवारी हेडसर आमच्या घरी आले. जन्मात पहिल्यांदा. मायेनं चहा ठेवला, तर म्हणाले आत्ताच घेऊन आलोय. ते बाबांना खालच्या आवाजात सांगू लागले. मुंबईला आता वारं बदललंय. शिकलेले लोक काळं-गोरं मानत नाहीत, निदान तसं लिहितात तरी, आणि या बाई त्यांतल्याच आहेत. त्यांच्यासमोर किद्दुश होणार. पेला नेहमीच्या क्रमानं फिरला तर आपल्या शाळेची छी-थू होईल. तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवलंय की या शुक्रवारी पेला पहिल्यांदा तुमच्या मुलीला द्यायचा. शाळेची अब्रू राहील आणि मुलीचंही चांगलं दिसेल.

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आजही त्या पाण्याचा राग येतो. ज्या माणसानं सगळ्या गोताला न जुमानता साखऱ्याहून बायको आणली, तो माणूस मुलीला एक घोट आधी मिळणार म्हणून हेडसरांचे हात हातात घेऊन बसला होता. माय चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, एक दिस पयली अन् बाकी सालभर शेवटची, हे कोणतं गणित म्हनायचं. बाबांनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. हेडसर ऐकलं न ऐकलंसं करून उठले.

आणि मी? मी खुशीत होते. तांब्यात पाणी घेऊन घरात सराव करत होते, पेला कसा धरायचा, घोट किती घ्यायचा, ओठ कसे टिपायचे. असली गाढव मुलगी मी दुसरी पाहिली नाही.

त्या आठवड्यात ओसरी सारवली, फळ्याला नवा काळा रंग दिला, घंटा चिंचेनं घासली. सात घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हेडसरांनी जातीनं जाऊन समजावलं. मलाही तीनदा समजावलं. फक्त एक करायचं राहिलं. बाकीच्या दहा पोरांना कुणी काही सांगितलंच नाही. हेडसरांना वाटत होतं, पोरं फळ्यावर लिहिलेलं शिकतात.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं बाई उतरल्या. पांढरं पातळ, चष्मा, मनगटाला घड्याळ. बाईच्या मनगटाला घड्याळ आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. त्या बोलायच्या मृदू, आणि दर वाक्याला आपले लोक, आपले लोक. सगळे आईबाप बाकांवर बसले. माय पायरीवर, तिच्या जागेला.

बाईंनी एकेकाला उठवलं. मी सगळं म्हटलं. शेमाची प्रार्थना म्हटली, दहा आज्ञा म्हटल्या, कविता म्हटली, नकाशात तापी दाखवली. समता म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कुणाला उच्च-नीच न मानणं म्हणजे समता. अडखळले नाही. बाईंनी वहीत काही लिहिलं आणि हेडसरांकडे बघून मान हलवली. हेडसरांची मिशी थरथरली. मला कळलं, जागा माझी.

मग पेला आला. हेडसरांनी आशीर्वाद म्हटला, आपला घोट घेतला, आणि घसा साफ करून माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. पेला जवळजवळ काठोकाठ होता. मी एक घोट घेतला, सरावासारखा. वरच्या पाण्यात गाळ नसतो, हे मला बाराव्या वर्षी कळलं. इतकं गोड असतं ते.

मी पेला पुढच्याच्या हातात दिला. पुढचा म्हणजे हेडसरांचा नातू, सात वर्षांचा, एरवी पहिला पिणारा. त्यानं पेला दोन्ही हातांत धरला, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आजोबांना म्हणाला,

"पण हिनं आधी प्यायलंय."

हेडसर हसल्यासारखं करून म्हणाले, "पी रे. आज चालतं."

आज चालतं. एवढी वर्षं फळ्यावर जे-जे लिहिलं गेलं, त्या सगळ्याचा अर्थ या दोन शब्दांत होता. पोर बिचारं गोंधळलं. त्यानं आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे बघत होती. त्यानं पेला न पिता पुढे दिला. पुढच्यानं तर वासही घेतला नाही, चटका बसल्यासारखा पुढे सरकवला. त्याच्या पुढच्यानं तसंच. कुणी वात्रटपणा करत नव्हतं, हसत नव्हतं. अतिशय शिस्तीनं, हात सरळ धरून, डोळे खाली घालून, शिकवल्याबरहुकूम एकेक पोर तो भरलेला पेला दुसऱ्याला देत होतं. वडीलधाऱ्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं ते असं.

माझी मैत्रीण तेवढी थांबली. तिनं पेला ओठाला लावला, तिरका केला, मान वर केली आणि ओठ पुसले. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. मग मी तिच्या ओठांकडे पाहिलं. मनुकांच्या पाण्यानं ओठ चिकट होतात, तपकिरी होतात. तिचे कोरडे ठणठणीत होते.

पेला फिरून आला तेव्हा त्यात हेडसरांच्या आणि माझ्या घोटाएवढीच तूट होती. हेडसरांनी तो घ्यायला हात पुढे केला आणि अर्ध्यात थांबवला. शेवटी बाईच पुढं झाल्या आणि त्यांनी तो घेतला. मी मनात म्हटलं, झालं, आता बघाच तुम्ही, या मुंबईच्या आहेत. बाईंनी पेल्यात पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग तो मेजावर ठेवला, त्यावर मण्यांची जाळी झाकली, आणि आपल्या लोकांमधल्या एकीवर अर्धा तास भाषण केलं.

भाषण चांगलं होतं. आडात नाही ते पोहऱ्यात आणायची कला काही माणसांना असते. शेवटी त्यांनी जाहीर केलं की मुंबईची जागा मला दिली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हेडसरांनी सगळ्यांत जोरात, सुटल्यासारख्या. बाबा रडत होते. मी बाईंच्या पाया पडले.

तेव्हा पायरीवरून माय बोलली. त्या ओसरीवर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बाई, एक इचारू का? तुमच्या तिकडं बी असाच पेला हाय का?"

बाई थोड्या चपापल्या, पण उत्तर तयार होतं. त्या म्हणाल्या, "नाही हो. आमच्याकडे प्रत्येक मुलाला आपापला वेगळा पेला असतो. आरोग्याच्या दृष्टीनं तेच चांगलं. त्यामुळे हा प्रश्नच येत नाही."

माय म्हणाली, "म्हंजी इथं एकच व्हता. तिकडं तुमी प्रत्येकाला येकेक केला."

एवढं बोलून ती पायरी चढून आत आली. अनवाणी, डोईवर पदर, सारवलेल्या ओसरीवरून सरळ मेजापर्यंत. तिनं जाळी उचलून बाजूला ठेवली, पेला उचलला आणि तोंडाला लावून सगळा प्यायली. गाळासकट. हेडसर अहो अहो करत उठेपर्यंत पेला रिकामा होऊन मेजावर आला होता.

"माह्या लेकराचं उष्टं हाय," ती म्हणाली. "मी न्हाई पिणार तं कोन पिणार?"

आणि पदरानं तोंड पुसून ती पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहिली.

माय संत नव्हती, तसं मला भासवायचं नाही. साखऱ्याला वेशीबाहेरच्या बाईच्या तांब्यातलं पाणी ती स्वतः प्यायली नसती, आणि ते ती लपवतही नसे. पण त्या दिवशी त्या ओसरीवर ती एकटीच अशी होती, जिला तहान लागली होती आणि जी प्यायली.

पुढचं सगळं कुजबुजत झालं. कुणीतरी रुमालात धरून पेला उचलला. तो राखेनं घासून, उकळत्या पाण्यात टाकून पुन्हा चालेल की नवाच घडवावा लागेल, यावर हेडसर आणि दोन पेन्शनर घोळ घालत राहिले. बाईंनी घड्याळ पाहिलं. शाब्बाथ लागण्याआधी पुढच्या मुक्कामी पोचायचं होतं त्यांना. जाताना माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, मुंबईहून कळवते. जागा दिल्याचं मघाशी जाहीर केलं होतं, तर आता कळवायचं काय राहिलं, हे मला विचारता आलं असतं. नम्रता आडवी आली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मुलगी हुशार आहे, पण घरचं वातावरण आपल्या मूल्यांना पोषक नाही. सबब यंदाची जागा हेडसरांच्या नातवाला देण्यात येत आहे. तोच सात वर्षांचा नातू. सोमवारी फळ्यावर सत्य लिहिलेलं असायचं, आणि त्या पोरानं भर ओसरीवर सत्य सांगितलं होतं. सत्याला फळ मिळतं म्हणतात ते खोटं नाही.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्या आधीपासूनच एकेक घर मुंबईकडे सरकत होतं, काही तिथून पुढं इस्रायल नावाच्या त्यांच्या नव्या देशात गेली. शाळेची घंटा कुणी मोडीत घातली. त्या शाळेच्या आठवणी काढून म्हातारी माणसं आजही गहिवरतात म्हणे, कसले संस्कार होते, कसा एकोपा होता. गहिवरा. मला त्यांच्या गहिवराचं काही देणंघेणं नाही.

मला आठवतो तो पत्र आलं तो दिवस. बाबांनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं आणि घडी करून खिशात घातलं. माय शेजारी लोकर कातत बसली होती. तिनं विचारलं, काय लिवलंय. बाबांनी खिशावर हात ठेवला. ती समजली. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता मी रडेन, मग ती मला जवळ घेईल, असं तिला वाटलं असावं.

मी रडले नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. बारा वर्षांची, पाचवी दोनदा झालेली, सगळे सद्गुण तोंडपाठ असलेली. दहा पोरांनी पेला नाकारला होता, बाईंनी झाकून ठेवला होता, हेडसरांनी आज चालतं म्हटलं होतं. त्यांतल्या एकाचाही मला राग आला नव्हता. मी मायेला म्हणाले,

"तू तोंड लावलंस. तू बाटवलास तो पेला."

बाबांनी मान खाली घातली. मायेनं लोकर खाली ठेवली. मग सावकाश म्हणाली,

"बराबर शिकवलं त्यांनी. शाळा पुरी झाली तुही."

आणि तिनं लोकर पुन्हा हातात घेतली. त्या दिवसापर्यंत माझ्या ताटात उरलेली भाकरी तीच खायची, मी तोंड लावून ठेवलेलं दूध तीच संपवायची. त्यानंतर ती वीस वर्षं जगली. माझं उष्टं तिनं पुन्हा कधी खाल्लं नाही.